बोर्नव्हिटाच्या बरणीतला साबुदाणा

मराठी स्वयंपाकघरातल्या डब्यावर जे लिहिलेलं असतं ते त्या डब्यात नसतं, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. बोर्नव्हिटाच्या बरणीत साबुदाणा असतो, कॉफीच्या बाटलीत बडीशेप, परदेशी बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात सुईदोरा आणि श्रीखंडाच्या डब्यात श्रीखंड सोडून काहीही. फ्रीजरमध्ये श्रीखंडाचे चार डबे एकावर एक रचलेले दिसले की पाहुण्याच्या तोंडाला पाणी सुटतं. उघडून पाहिलं तर पहिल्यात ओल्या खोबऱ्याचा चव, दुसऱ्यात आलं-लसणाचं वाटण, तिसऱ्यात मटार आणि चौथ्यात कसलासा हिरवट बर्फ निघतो. चौथ्याबद्दल घरात कुणीच काही बोलत नाही.

परक्या माणसाला हा सावळागोंधळ वाटेल. पण ज्या बाईनं तो मांडलेला असतो, तिनं रात्री वीज गेलेली असताना नुसता हात घातला तरी हिंगाची डबी बरोबर हाताला लागते. या सगळ्या मांडणीची नोंद कुठं वहीत केलेली नसते. ती एकाच डोक्यात असते, आणि ते डोकं चार दिवस माहेरी किंवा लेकीच्या बाळंतपणाला गेलं की संध्याकाळी सातच्या सुमारास फोन वाजतो.

"अगं, खसखस कुठंय?"

"समोरच आहे. डावीकडचं दार उघडा, वरून दुसरी फळी. बोर्नव्हिटाच्या बरणीत."

"त्यात साबुदाणा आहे."

"ती मोठी. तिच्यामागं छोटी आहे, ती बघा."

"छोटीत ओवा."

"मग कॉफीच्या बाटलीत असेल. नाही, थांबा, कॉफीच्या बाटलीत मी परवा बडीशेप ओतली. तिथं एक बिनझाकणाची वाटी आहे का, वर ताटली ठेवलेली?"

"ताटली आहे. वाटी नाही."

"पण तुम्हाला खसखस कशाला हवीय?"

इथं संभाषण संपतं. त्या दिवशीची भाजी खसखशीवाचून होते आणि तरीही चांगली लागते.

एवढ्यासाठी स्वयंपाकघरातली कपाटं 'लावायला काढणं' हे काम दिसतं तितकं गरीब नाही. कपड्यांचं कपाट आवरलं तर फार तर एखादा शर्ट हरवतो. स्वयंपाकघर आवरलं की घराचं सरकार बदलतं. नव्या सुनेनं पहिल्या वर्षात चहा-साखरेचे डबे गॅसच्या उजवीकडून डावीकडं नेले, एवढीच बातमी घरात दोन दिवस पुरते. सासूबाई तोंडानं "छान केलंस हो" म्हणतात आणि पुढचे पंधरा दिवस रोज सकाळी उजवीकडं हात नेऊन थांबतात, सून बघत असेल अशा बेतानं.

ही लढाई आपल्याकडंच आहे असं मानायचं कारण नाही. जर्मनीत फ्रँकफर्ट शहरानं पहिल्या महायुद्धानंतर कामगारांसाठी घरं बांधायला घेतली, तेव्हा त्यांतल्या स्वयंपाकघराचा आराखडा मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंकडं आला. साल १९२६. त्यांनी हातात स्टॉपवॉच घेऊन बायकांच्या हालचाली मोजल्या, रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये एवढ्याशा जागेत स्वयंपाक कसा होतो त्याचा अभ्यास केला आणि १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब अशी एक खोली आखली. आज ज्याला आपण मॉड्युलर किचन म्हणतो त्याची आजी ती हीच. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं फ्रँकफर्टमध्ये बसवली गेली. इस्त्रीचं टेबल भिंतीतून खाली यायचं, स्टूल फिरायचं, आणि भिंतीला अॅल्युमिनियमचे छोटे छोटे खण होते, ज्यांना धरायला मूठ आणि ओतायला चोच. प्रत्येक खणावर त्यात काय ठेवायचं ते कोरलेलं: तांदूळ, साखर, डाळी. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्या लाकडाला पिठातल्या अळ्या बिचकतात असा समज. कपाटांना निळसर-हिरवा रंग, कारण त्या रंगावर माशा बसत नाहीत अशी समजूत.

आता बघा, ज्या घरात रवा फारसा लागत नाही त्यानं रव्याच्या खणात काय ठेवायचं? जर्मन गृहिणींनीही तेच केलं असणार जे कोथरूडची गृहिणी करते. पण तो पुरावा आपल्या हाताशी नाही, तेव्हा सोडून देऊ. पुरावा आहे तो याहून गमतीचा. या बाईंनीच नंतर सांगून टाकलं की फ्रँकफर्ट किचन आखेपर्यंत त्यांनी स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता. व्हिएन्नाला आई करायची, फ्रँकफर्टला त्या खाणावळीत जेवायच्या. एकशे तिसरा वाढदिवस पाच दिवसांवर असताना, २००० साली त्या गेल्या. शेवटपर्यंत लोक त्यांना त्या एका स्वयंपाकघराबद्दलच विचारत राहिले आणि त्या वैतागत राहिल्या.

अमेरिकेतल्या लिलियन गिलब्रेथ यांची कथा याच वळणाची. बारा मुलांची आई आणि कारखान्यातल्या हालचालींचं शास्त्र रचणारी इंजिनिअर. १९२९ मध्ये ब्रुकलिनच्या एका गॅस कंपनीसाठी त्यांनी आदर्श स्वयंपाकघर मांडलं. स्ट्रॉबेरी शॉर्टकेक करायला जिथं २८१ पावलं पडायची तिथं ती ४५ वर आणली. शेगडी, मोरी आणि अन्नसाठा यांचा त्रिकोण, जो आजही प्रत्येक इंटिरियरवाला पहिल्या भेटीत कागदावर काढून दाखवतो, त्याचं मूळ याच विचारात आहे. बाईंना स्वतःला स्वयंपाकात गती नव्हती. शॉर्टकेकची पावलं मोजणं सोपं. पुरणपोळीची कुणी मोजावीत? त्यात निम्मी पावलं दारातल्या शेजारणीशी बोलून परत गॅसपाशी धावण्याची असतात, आणि ती कमी केली तर पुरण लागण्याचा मुद्दाच उरत नाही, पण शेजारही उरत नाही.

आपल्याकडं हा प्रश्न कपाटाचा झाला तो फार उशिरा. चूल जमिनीवर होती तोवर बाई पाटावर बसून रांधायची आणि लागणाऱ्या सगळ्या वस्तू हाताच्या टप्प्यात, त्याही बसल्या हाताच्या. भिंतीत कोनाडा, कोपऱ्यात फडताळ, वरून लोंबणारं शिंकाळं आणि धान्यासाठी उतरंड. या उतरंडीचं शास्त्र घर आवरायला शिकवणाऱ्या आजच्या तज्ज्ञांनी जरूर अभ्यासावं. सगळ्यांत खालच्या मोठ्या मडक्यातलं काढायचं तर वरची सगळी मडकी उतरवायची. त्यामुळं खाली काय ठेवायचं याचा निर्णय विचारपूर्वक व्हायचा, आणि घरात कुणी चोरून काही खाल्लं तर त्याला किमान पाच मडक्यांचे कष्ट पडायचे.

१९५५च्या सुमारास मुंबईत सिलिंडरचा गॅस आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत चूल उभी राहिली. चूल उभी राहिली म्हणून बाई उभी राहिली, आणि मग ओटा आला. ओट्याखाली सिलिंडर, सिलिंडरशेजारी कडप्प्याच्या फळ्या. आंध्रातल्या कडप्पा भागातल्या त्या काळ्या दगडानं मराठी मध्यमवर्गाचे डबे जितक्या निष्ठेनं पेलले तितके कुणी पेलले नसतील. कडप्पा फुगत नाही, सडत नाही, वाळवीला दाद देत नाही. त्याचा दोष एकच: ओट्याखालची फळी खोल असते. पुढच्या रांगेत रोजचे डबे, मागच्या रांगेत इतिहास. मागचं काढायला जमिनीवर पालथं पडावं लागतं, आणि एकदा तसं पडलं की माणूस विचार करतो, एवढी गरज आहे का?

भिंतीवर मात्र स्टीलची मांडणी होती. ताटं उभी, वाट्या पालथ्या, कप हुकांना टांगलेले, वर पितळी डबे चढत्या क्रमानं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत मांडणी दारातूनच दिसायची आणि दिसावी म्हणूनच असायची. सणाआधी चिंच लावून पितळ घासलं जायचं ते स्वच्छतेसाठी जितकं, तितकंच समोरच्या खोलीसाठी. मॉड्युलर किचननं हे सगळं दारांआड ढकललं. आता पाहुण्याला दिसतं ते गुळगुळीत लॅमिनेट. भांड्यांची श्रीमंती कळायची तर पाहुण्यानं कपाट उघडायला हवं, आणि पाहुण्यानं कपाट उघडणं हा तर गुन्हाच.

मिस्त्री माप घ्यायला येतो तेव्हा ओट्याची उंची विचारतो. घरात दोन बायका असल्या की इथंच गाडी अडते. सासूबाई चार फूट दहा इंच, सून पाच फूट सहा. जूलिया चाइल्ड या अमेरिकी पाककलातज्ज्ञ बाई सहा फूट दोन इंच उंच होत्या आणि त्यांच्या नवऱ्यानं ओटे नेहमीपेक्षा चांगले उंच, सुमारे ३८ इंचांचे करून घेतले. त्यांचं ते स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जसंच्या तसं उभं आहे. मराठी घरात ओटा सुनेच्या मापाचा होतो, कारण कर्ज मुलाच्या नावावर असतं. आणि सासूबाईंसाठी जुना पाट बाहेर निघतो. ज्या पाटावर बसून त्यांच्या सासूनं रांधलं, त्यावर उभ्या राहून त्या कुकर लावतात.

मॉड्युलरची जान ट्रॉलीत. ताटांची ट्रॉली, वाट्यांची ट्रॉली, कपबश्यांची ट्रॉली, चमच्यांची ट्रॉली. ओढली की अख्ख्या इमारतीला कळतं की या घरात रात्री अकरा वाजता कुणीतरी काहीतरी खातंय. पहिले सहा महिने प्रत्येक ट्रॉली आपलं नाव राखते. मग एकदा घाईत कुणीतरी सांडशी कपबश्यांत टाकतं, कुणी काही बोलत नाही, आणि तिथून पुढं सगळ्या सांडश्यांचा तोच पत्ता होतो. सिंकखालची जागा कुठल्याही आराखड्यात शोभत नाही, कारण तिथून सांडपाण्याचा पाइप जातो. तिथं कचऱ्याचा डबा, फिनेल, घासणी आणि पिशव्यांची पिशवी. ही पिशव्यांची पिशवी महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात आहे. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर बंदी आली आणि तिचा भाव एकदम वधारला. त्याआधी तिच्यात पिशव्या नुसत्या कोंबल्या जायच्या. त्यानंतर त्या घडी घालून ठेवल्या जाऊ लागल्या आणि पाहुण्याला जाताना डबा द्यायचा तर "पिशवी परत आणा हं" असं सांगितलं जाऊ लागलं.

आता थोडं गणित, कारण आवरणारा माणूस गणिताशिवाय हरतो. आपले स्टीलचे डबे गोल आणि कपाटं चौकोनी. एकाच मापाचे गोल डबे चौकोनी फळीवर सरळ रांगांत एकमेकांना चिकटवून ठेवले तर फळीची साडेएकवीस टक्के जागा कोपऱ्या-कोपऱ्यांत वाया जाते. पाच डब्यांच्या रांगेत एका डब्याहून जास्त जागा नुसती हवा खात बसलेली असते. चौकोनी प्लास्टिकचे डबे विकणाऱ्यांचा सगळा धंदा या साडेएकवीस टक्क्यांवर उभा आहे. त्यांचं बरोबरही आहे. फक्त चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात अडकलेलं बेसन काढायला चौकोनी बोट अजून कुणी विकायला काढलेलं नाही.

याउलट मिसळणाचा डबा. गोल डब्यात सात गोल वाट्या: मोहरी, जिरं, हळद, तिखट, मेथी, धणेजिरेपूड आणि सातव्या वाटीत ज्या घराची जी श्रद्धा ते. सातच का? एका वर्तुळाभोवती त्याच मापाची बरोबर सहा वर्तुळं चिकटून बसतात, ना पाच ना सात, मधे फट राहत नाही. मधली एक धरून सात. वाटीचा व्यास बाहेरच्या डब्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका ठेवला की ७८ टक्क्यांच्या आसपास जागा भरते आणि डबा उलटला नाही तर हळद तिखटात जात नाही. ज्या कारागिरानं तो पहिल्यांदा घडवला त्यानं प्रमेय मांडलं नाही. वाट्या ठेवून पाहिल्या असतील. तज्ज्ञांनी घराघरांत येऊन जे जे बदललं त्यात मिसळणाच्या डब्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. फोडणीला तीस सेकंद मिळतात. तेवढ्यात सात झाकणं उघडायला लावणारा सल्लागार तेलात मोहरीऐवजी स्वतः तडतडेल.

कपाटं रिकामी करून सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलं की पहिल्या तासात जे निघतं त्याची यादी साधारण सारखीच असते. चहाच्या गाळण्या तीन. सोलाणी चार, त्यातलं एकच सोलतं. एका अशा कुकरच्या रबरी रिंगा, जो कुकर घरात नाही. त्याच कुकरची शिट्टी. झाकणं मोजली तर डब्यांपेक्षा जास्त आणि तरी प्रत्येक डब्याला एक कमी. २०१९ मध्ये मुदत संपलेली कस्टर्ड पावडर, जिचा वास घेऊन घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "काही झालेलं नाहीये तिला." आणि एक स्टीलची वाटी, दिसायला अगदी साधी, किंचित चेपलेली. तिला कुणी हात लावला की आतून आवाज येतो, "ती मापाची आहे, तिला तिथंच राहू दे." घरातला भात, शिरा, डोसे, सगळं त्या एका वाटीच्या पटीत चालतं. ती हरवली तर त्या घरच्या सगळ्या पाककृती नव्यानं मांडाव्या लागतील.

यातलं काही काढून टाकायचं म्हटलं की दुसरी अडचण समोर येते. भांड्यावर नाव असतं. भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक माणूस बसलेला असतो, हातात तारेला जोडलेलं कंप पावणारं पेनासारखं यंत्र. चिठ्ठीवरचा मजकूर बघत तो पातेल्याच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं काढत जातो, घर्र घर्र करत, मान वर न करता. त्याआधीच्या काळातली नावं ठोक्याची, छिन्नी-हातोडीनं काढलेली. चि. अमक्याच्या मुंजीप्रीत्यर्थ मामाकडून. सौ. तमकीस डोहाळजेवणानिमित्त भिशी मंडळाकडून. तारीख, गाव, क्वचित ऱ्हस्व-दीर्घाची चूक, जी पुसता येत नाही म्हणून पन्नास वर्षं रोज घासली जाते. अशा पातेल्याचं बूड गेलं तरी ते काढायचं कसं? मुंज झालेला चिरंजीव आता बासष्टचा आहे, मामा नाही, आणि पातेलं मात्र कपाटात मागच्या रांगेत तारखेसकट हजर. कुणाकडं जेवायला गेलं की ताट उलटं करून नाव वाचणारी माणसं असतात; त्यांना त्या घराची सोयरीक, देणंघेणं आणि कुणी किती जाड भांडं दिलं हे सगळं पाच मिनिटांत कळतं. शेजाऱ्याच्या नावाची वाटी आपल्या ट्रॉलीत निघाली तर मात्र चर्चा लांबते.

आवरण्याची सगळ्यांत मोठी हौस कारखान्यातून येते. पिंपरी-चिंचवड, चाकणच्या पट्ट्यात नोकरी करणाऱ्यांना 'फाइव्ह एस' ही जपानी पद्धत तोंडपाठ असते: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. नको ते काढा, हवं ते जागच्या जागी ठेवा, स्वच्छ करा, त्याचा नियम करा, नियम पाळा. अशा कारखान्यात भिंतीवरच्या फळीवर पान्याची, हातोडीची बाह्याकृती रंगवलेली असते, म्हणजे हत्यार जागेवर नसेल तर लांबूनच दिसावं. शनिवारी सुट्टी असलेला एखादा मॅनेजर घरी येऊन हाच प्रयोग करू पाहतो. जूलिया चाइल्डचे पती पॉल यांनी हे खरंच केलं होतं. भोकाभोकांच्या फळीवर त्यांनी प्रत्येक कढईची, तव्याची रेघ मारून ठेवली, आणि बाईंनी ती व्यवस्था आयुष्यभर मानली. पण तिथं भांडं परत टांगणारी माणसं मोजकीच होती. चाकणच्या मॅनेजरच्या घरी स्वयंपाकाला बायको, भांड्यांना मावशी, चहाला आई आणि रात्री मॅगीला मुलगा. मावशींचं स्वतःचं एक शास्त्र आहे: जे धुतलं ते एकात एक. लहान पातेलं मोठ्यात, त्यात कढई, कढईत गाळणं, वर परात. सकाळी मॅनेजर भिंतीकडं बघतो तर झाऱ्याच्या रेघेत उलथनं लटकलेलं आणि तव्याच्या रेघेत काहीच नाही. मावशींना विचारायची सोय नसते. फाइव्ह एस मोडलं तर लावता येतं, मावशी गेल्या तर दुसऱ्या मिळत नाहीत.

पारदर्शक बरण्यांचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं असं की आतलं दिसलं म्हणजे लेबलाचं काम नाही. बरोबर. तांदूळ आणि साबुदाणा ओळखू येतात. तांदळाचं पीठ, मैदा, कॉर्नफ्लॉवर आणि पिठीसाखर काचेतून सारखीच गोरीपान दिसतात, आणि तो फरक करंज्या तळताना कळतो. काचेतून एक गोष्ट मात्र स्पष्ट दिसते ती म्हणजे सोंडे, कुणी त्यांना टोके म्हणतं. हवाबंद डबा घेऊनही ते झाले म्हणून गृहिणी डब्याला शिव्या घालते, पण त्यात डब्याचा दोष नसतो. तांदळात होणाऱ्या सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून ते भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि किडा होऊनच बाहेर पडते. म्हणजे दुकानातून आणतानाच पाहुणे आत बसलेले असतात, आपण फक्त त्यांना छान झाकण लावतो. आजीचा कडुलिंबाचा पाला, डाळीला एरंडेलाचा हात आणि वैशाखातलं गच्चीवरचं ऊन हे या घुसखोरांशी वाटाघाटीचे मार्ग. उन्हात पसरलेल्या तांदळातून किडे आपल्या पायांनी निघून जातात हे पाहणं उन्हाळ्याच्या सुट्टीत लहान मुलांचं करमणुकीचं साधन होतं.

जगभर लोकांना आवरायला लावणाऱ्या मारी कोंडो या जपानी बाईंचं पुस्तक २०१४ मध्ये इंग्रजीत आलं, २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका झाली. वस्तू हातात घ्यायची आणि विचारायचं, हिच्यानं आनंद होतो का? होत नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. या कसोटीला किसणी कशी उतरावी? किसणीनं आजवर कुणाला आनंद झालेला नाही, ज्यांच्या बोटाचं सालटं गेलंय त्यांना विचारा. पण तिच्यावाचून गाजरहलवा नाही. २०२३ मध्ये, तिसऱ्या मुलानंतर, कोंडोबाईंनी स्वतःच सांगून टाकलं की घर आवरणं आता त्यांनी बरंचसं सोडून दिलंय. मराठी बायकांनी ही बातमी एकमेकींना पाठवली, खाली एकही शब्द न लिहिता.

आवरायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांची दुसरी कसोटी म्हणजे वर्षभरात वापरली नाही ती वस्तू घराबाहेर. ती आपल्याकडं लागू होत नाही, कारण आपल्या कित्येक वस्तू वर्षातून नेमक्या एकदाच लागतात. मोदकपात्र भाद्रपदात, चकलीचा सोऱ्या आश्विनात, पुरणयंत्र फाल्गुनात. ३६४ दिवस माळ्यावर आणि एक दिवस ओट्यावर. नियमाच्या तावडीतून ती एका दिवसानं सुटतात. गणपतीच्या आदल्या रात्री मोदकपात्र काढायला स्टुलावर चढलेला पुरुष खाली उभ्या असलेल्यांना विचारत असतो, "हेच का?" आणि दर वेळी हातात अनारशाचा झारा असतो.

शेवटी मोकळी जागा करण्याचा एकच उपाय महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय, आणि तो दारावर येतो. बोहारीण. डोक्यावरची टोपली उतरवून ती पायरीवर बसते आणि घरातल्या गृहिणी जुने कपडे आणून टाकतात. यंदा काही घ्यायचं नाही, फक्त द्यायचं, असं आत ठरलेलं असतं.

"या दोन पँटींवर काय देतेस?"

"पँटी कशाला दाखवताय ताई, साडी काढा जरीची. हे बघा, हे पातेलं, जाड बुडाचं."

"पातेली ढीगभर आहेत गं. नकोत आता."

"अशी नाहीत. हात लावून बघा."

हात लावला जातो. वजन चांगलं असतं. आतून आणखी एक चादर येते, मग नवऱ्याचा न विचारता आणलेला स्वेटर, मग ती काठाला फाटलेली साडी. बोहारीण मान हलवत राहते आणि उठता उठता, सौदा मोडू नये म्हणून, वर एक चहाची गाळणी ठेवते. चौथी.